हुबेहूब बाबांसारखी

२ फेब्रुवारी, रविवार

नोकरी लागून महिना झाला. नंदनवनच्या डोळ्यांच्या दवाखान्यात सगळे मला 'मॅडम' म्हणतात. पहिले काही दिवस कोणी 'मॅडम' म्हटलं की मी मागे वळून बघायची, कोण मॅडम आली म्हणून.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. आईला बी. ऑप्टोम म्हणजे काय ते अजून नीट सांगता येत नाही. मी म्हणते, मी डॉक्टर नाही, डोळे तपासते, चष्म्याचा नंबर काढते. ती गल्लीत डॉक्टरच सांगते. वर्षभरात हुडकेश्वरमधल्या निदान एका शाळेतल्या सगळ्या पोरांचे डोळे तपासायचे, असं मी ठरवलं आहे. मागच्या बाकावरची किती मुलं 'ढ' म्हणवून घेतात, आणि त्यांना फक्त फळा दिसत नसतो!

आज आई माझ्या धाकट्या बहिणीच्या, मिनलच्या कुर्त्याचं माप घ्यायला बसली. दिवाळीतल्या कुर्त्याच्या बाह्या पुन्हा तोकड्या झाल्या. मिनलने हात पसरले आणि आईची टेप एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत पुरेना.

"हिची उंची दाराएवढी, अन् हात दारापरीस लंबे," आई म्हणाली. "बापाचेच हात. थान मोजाले जन्मले होते तुहे बाबा."

बाबा गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानात होते. सगळे त्यांना सुशीलभाऊ म्हणायचे. गज न घेता नुसत्या हातांनी कापड मोजायचे. आई मिनलला तिथेच उभी ठेवून फोटोतल्या बाबांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डिट्टो." हे ती महिन्यातून एकदा तरी म्हणते. मला कधी म्हणाली नाही. मी आईसारखी. बुटकी, गोल चेहऱ्याची.

बाबांचा एक खेळ होता. अंगठा आत घालून मूठ मिटायची, की अंगठ्याचं टोक करंगळीकडून बाहेर यायचं. "उंदीर निघाला बिळातून!" मी लहानपणी किती प्रयत्न केले. माझा उंदीर बिळातच. मिनलला कोणी शिकवलं नाही. बाबा गेले तेव्हा ती अंगणवाडीतही जात नव्हती. तिचा उंदीर पहिल्याच वेळी बाहेर आला.

हे लिहायला बरं वाटत नाही, पण खोटं कशाला लिहू? मला आज तिचा राग आला.

९ फेब्रुवारी, रविवार

रुपराव सर घरी आले होते. मिनलचे बास्केटबॉलचे कोच. विभागीय संघाची निवड चाचणी सोळा मार्चला आहे आणि सरांच्या मते मिनल आत गेल्यातच जमा.

"वहिनी, बाकीच्या पोरींना उडी मारावी लागते. ही नुसता हात वर करते."

"सर, तुमचं खरं आहे. पण एवढ्या उंच पोरीले नवरा कुठून आणू? हार घालाले त्याले शिडी लावाव लागन."

"मले नवरा नाही, मेडल पाहिजे," मिनल आतून ओरडली.

आई हसली. आईने खेळाला परवानगी दिली आहे ती एकाच अटीवर, ऊन उतरल्याशिवाय मैदानावर पाय ठेवायचा नाही. बाबा मे महिन्यात गेले. भर दुपारी दुकानातून घरी आले, आणि संध्याकाळपर्यंत संपलं. ऊन लागलं. आजोबाही तसेच, उमरेडकडे शेतात, मे महिन्यातच. आमच्या घराण्याला ऊन बाधतं हे सगळ्या नात्यात ठाऊक आहे. होळी झाली की आई खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावते, आमच्या पर्समध्ये कांदा ठेवते. कॉलेजात माझ्या पर्सचा वास यायचा म्हणून मैत्रिणी मला भाजीवाली म्हणायच्या.

जाताना सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तिचा चष्मा बघा जरा. हातातला बॉल सोडताना रिंग दिसत नाही तिला. अन् दम पण लवकर लागतो. खाऊ घाला."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी दवाखान्यात गर्दी नव्हती. मिनलला बोलावून घेतलं. नंबर पुष्कळ वाढला आहे, आणि दोन्ही डोळ्यांत तिरपा. कितीही काचा बदलल्या तरी शेवटच्या ओळी येईनात.

"ताई, तुही मशीनच खराब आहे."

स्लिट लॅम्पवर बसवलं. उजेडाची बारीक फट डोळ्यावर टाकली आणि म्हटलं, इकडे बघ, आता तिकडे. डोळा थांबला, तरी आतली बुबुळाची तपकिरी पाळ क्षणभर थरथरत राहिली. थेंब घालून बाहुली मोठी केली. मग दिसलं. भिंग मध्यावर नव्हतं. वर आणि बाहेरच्या बाजूला सरकलेलं, आणि खाली त्याची कड, चतुर्थीच्या चंद्रासारखी. दुसऱ्या डोळ्यातही तेच.

"काय दिसून राहिलं?"

"नंबर वाढला तुझा."

"एवढं पाहाले एवढा वेळ?"

ती गेल्यावर मी नुसती बसून राहिले. दोन्ही डोळ्यांत भिंग असं वर सरकलेलं असेल, तर अंगावर अजून काय शोधायचं, हे आम्हाला तिसऱ्या वर्षाला होतं. उंच, सडपातळ बांधा. उंचीपेक्षा हातांचा पसारा जास्त. लांब बोटं. मिटलेल्या मुठीतून पलीकडे येणारा अंगठा. आजाराचं नाव मार्फान. परीक्षेत मी हे पूर्ण उत्तर लिहिलं होतं. लिहिताना मला एकदाही बाबा आठवले नव्हते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मार लागूनही भिंग सरकतं. सकाळी मिनलला सहज विचारल्यासारखं विचारलं, डोळ्याला कधी बॉल लागला होता का?

"रोजच लागते."

अर्धा दिवस हलकं वाटलं. जेवताना लक्षात आलं, दोन्ही डोळ्यांना सारखाच, एकाच दिशेने मार कसा लागेल?

मी नोकरीला लागून महिना झालेली मुलगी. चुकलेच असेन. चुकले तर फार बरं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चुकले नाही.

आमच्या डॉक्टर चिन्मयी मॅडमना सांगितलं. त्यांनी मिनलला आजच बोलावलं. डोळे बघितले. मग म्हणाल्या, "बेटा, अंगठा आत घालून मूठ मिट."

मिनलने खुशीत मिटली. "मॅडम, हे तं मी लहानपणापासून करते! आमचे बाबाही करे. ताईलेच येत नाही."

मनगटाभोवती दुसऱ्या हाताचा अंगठा आणि करंगळी लावायला सांगितली. मिनलची बोटं एकमेकांवर चढली. ती माझ्याकडे बघून हसत होती. तिला वाटत होतं, ती पास होत चालली आहे.

मॅडमनी मला नंतर आत घेतलं. शरीराला बांधून ठेवणारा जो धागा असतो, तोच जन्मापासून कच्चा असतो, म्हणाल्या. डोळ्यातलं भिंग त्याच धाग्याने टांगलेलं असतं. आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची भिंतही त्याचीच. ती हळूहळू फुगते. फाटली तर वेळ मिळत नाही. आई किंवा वडील, एकाकडून मुलांत येतं. प्रत्येक मुलात यायची शक्यता अर्धी. "हृदयाची इको करून घ्या. तोपर्यंत पळणं, उड्या, सगळं बंद. वडील कसे गेले तुमचे?"

"ऊन लागलं," मी म्हटलं.

मीच माझं वाक्य ऐकलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आईला सांगितलं. फार वाईट सांगितलं. पुस्तकातल्यासारखं सांगत गेले आणि शेवटी म्हटलं, बाबांनाही हेच असणार.

आई शिलाई मशीनवर होती. पाय थांबले.

"माह्या नवऱ्याले बिमारी होती म्हणतेस?"

"आई, मी तसं..."

"कापडाचे गठ्ठे उचले ते. दोन माणसाचे एकट्यानं. एक दिवस दवाखान्याची पायरी नाही चढले. ऊनानं गेला तो माणूस! अन् आज तू चार बुकं शिकून त्याईले रोगी ठरवून राहिली?"

"मिनलला तपासायला काय हरकत आहे?"

"काहून तपासाचं? उद्या गल्लीत होईन, सुशीलच्या पोरीले हृदयाची बिमारी आहे. मंग बसवा घरी तिले, अन् तुलेही."

मला कळलं नाही, आईला एवढं का लागलं. ऊन लागून जाणं आणि आजाराने जाणं, माणूस तर गेलाच ना?

मिनल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळं ऐकत होती.

२३ फेब्रुवारी, रविवार

मिनल रोज सरावाला जाते. आई अडवत नाही. उलट टिफिनमध्ये शेंगदाण्याचे लाडू देते. आज मी मैदानावर गेले. ती पळत होती. तिचे ते लांब हात, लांब पाय, सगळ्या पोरींच्या वर दिसणारं डोकं. मी किती दिवसांनी तिला खेळताना बघितलं. इतकी सुंदर पळते! बाबा पळताना कसे दिसत असतील ते मला आज दिसलं, आणि मी क्षणभर विसरले की मी तिला थांबवायला आले आहे.

मग ती छातीवर हात ठेवून वाकली. मी सरळ कोर्टमध्ये घुसले.

रुपराव सरांना सगळं सांगितलं. ते भले माणूस आहेत. लगेच शिट्टी वाजवली. "मिनल, बूट काढ. डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय कोर्टवर पाय ठेवायचा नाही."

"सर, ही डॉक्टर नाही! चष्म्यावाली आहे!"

सगळ्या पोरी बघत होत्या. घरी येताना ती माझ्यापुढे चालत होती. गल्लीच्या तोंडाशी वळली.

"तुले माहं बाबासारखं दिसणं कधी पाहवलंच नाही, ताई. एकच गोष्ट मले मिळाली त्याची. ते पण तू बिमारी करून टाकली."

तिचं पहिलं वाक्य खरं आहे.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मिनल बोलत नाही. आई भाजीत मीठ आहे का एवढंच विचारते.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी आई अस्तराचं कापड फाडत होती. दाताने जराशी चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी टर्रकन ओढायचं, असं ती नेहमी करते. मी डबा भरत होते. आवाज अर्ध्यात थांबला. वळून बघितलं तर कापडाची दोन्ही टोकं हातात धरून ती तशीच बसलेली.

"त्या डॉक्टरीणबाईनं पाठीचं काही विचारलं होतं का वं?"

"पाठीचं?"

"तुह्या बाबाच्या."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती माझ्याकडे न बघता बोलत होती.

"ते आले न दुपारी, तं छाती नाही म्हणाले. डोकंही नाही. पाठ म्हणे. इथं, दोन खांद्याच्या मधात. म्हणे, गोपिका, थान टरकावल्यावानी फाटून राहिलं अंदर. मी म्हटलं, ऊनाचं असन. कांद्याचा रस लावला तळपायाले. पन्हं पाजलं. ओली चादर टाकली अंगावर. ऊनाचंच केलं वं मी सगळं. ऊनाचंच."

मी म्हटलं, आई, तुला कसं माहीत असणार? मोठमोठ्या दवाखान्यातही हे ओळखू येत नाही कधी कधी.

"एवढ्या वर्षाचे पडदे लावले," आई म्हणाली. "एवढे कांदे ठेवले तुमच्यापाशी."

मग तिने फाडायचं राहिलेलं कापड कात्रीने कापलं. सावकाश, सरळ रेषेत. आणि उठून मिनलच्या खोलीत गेली. "चाल वं. तयार हो. छातीचा फोटो काढाचा आहे." मिनल काहीतरी बोलली. आईचा आवाज आला, "मी विचारून नाही राहिली तुले."

४ मार्च, मंगळवार

रक्तवाहिनी मुळाशी रुंद झाली आहे. ऑपरेशन लागेल इतकी नाही. वेळेत आलात, असं हृदयाचे डॉक्टर म्हणाले. रोज गोळी घ्यायची, न चुकता. ठरल्या मुदतीने इको. पुढेमागे ऑपरेशन लागलं तर ठरवून, वेळेवर करता येईल. चालायला हरकत नाही. पळणं, उड्या, वजन उचलणं, चढाओढीचे खेळ, कायमचे बंद.

मिनलने एकच विचारलं, "एक चाचणी दिली तं? फक्त एक?"

डॉक्टरांनी मान हलवली. ती बाहेर जाऊन बाकावर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. गाठी सुटत नव्हत्या. आई खाली वाकली आणि तिने त्या सोडवल्या.

त्यांनी माझीही इको केली. डोळे मॅडमनी आधीच बघितले होते. माझं सगळं ठीक. डॉक्टर हसून म्हणाले, "तुम्ही नशीबवान. तुमच्यात वडिलांकडून काही आलेलं नाही."

आईने त्यांना हात जोडले. मीही जोडले. ऑटोमध्ये मला इतकं रडू आलं की ऑटोवाल्याने मागे वळून विचारलं, "क्या हुआ दीदी, रिपोर्ट खराब आया क्या?" आईने सांगितलं, नाही, चांगला आला. पोरगी खुशीनं रडून राहिली.

१६ मार्च, रविवार

आज चाचणी होती. मिनल दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. आईने तिच्या आवडीचे सांभारवडीचे, कोथिंबीर भरलेले रोल केले. तिने खाल्ले नाहीत. मीही नाही. आई म्हणाली, "मंग मीच खाते," आणि एकही खाल्ला नाही.

संध्याकाळी रुपराव सर आले. दाराबाहेरच उभे राहिले. म्हणाले, संघ झाला, पण मजा नाही. बराच वेळ चपलेने जमीन उकरत राहिले. मग म्हणाले, "मी इतके वर्षं लंबे हात शोधून राहिलो, ताई. अजून चार पोरी आहेत माझ्याकडे अशा. त्यांनाही पाठवू का तुमच्या मॅडमकडे?"

पाठवा म्हटलं.

२२ मार्च, शनिवार

आई सकाळच्या बसने गावाला गेली. मोठ्या बाबांच्या, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या पियूषचे हातही गुडघ्याला टेकतात. फोनवर सांगून जमणार नाही म्हणाली. संध्याकाळी परत आली, चेहरा थकलेला.

"काय म्हणाले मोठे बाबा?"

"म्हणे, गोपिका, तुह्या पोरीनं आमच्या घराण्याले नाव ठेवलं. मी म्हटलं, भाऊजी, ठेवू द्या. पोट्ट्याले घेऊन सोमवारी या."

"येतील?"

"आले नाही तं मी पुन्हा जाईन."

आईला मी आजवर कुणा मोठ्यांशी असं बोलताना ऐकलं नव्हतं.

६ एप्रिल, रविवार

मिनलचा नवा चष्मा आला. चिन्मयी मॅडमनी आणि मी तीन वेळा बसून नंबर काढला होता. सरकलेल्या भिंगाच्या कोणत्या भागातून नीट दिसतं ते शोधत शोधत. आधीच्या चष्म्यापेक्षा जाड आहे. मला वाटलं ती घालणारच नाही.

सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले, तर ती आधीच तिथे कठड्याला टेकून उभी. चष्मा लावून. माझ्याशी इतके आठवडे धड बोलली नव्हती, म्हणून मी गुपचूप दोरीकडे गेले.

"ताई, त्या पलीकडच्या गच्चीवरच्या काकाले वाटते, त्याले कोणीच पाहून नाही राहिलं."

"काय करतो आहे?"

"नाकात बोट." ती हसली. "अन् त्या टाकीवर नाव लिहिलं आहे वं! मी समजे, शेवाळ आहे."

मी बाजूला जाऊन उभी राहिले. तिने एकेक वाचून दाखवलं. दुकानाची पाटी, ऑटोमागचा शेर, कोणाच्या तरी खिडकीतलं कॅलेंडर. मग माझ्याकडे वळली.

"बाबाले चष्मा होता?"

"नव्हता."

"मंग त्याले दिसे कसं?"

मला कधी सुचलंच नव्हतं. रोज किती लोकांना मी हा प्रश्न विचारते. मी आठवायला लागले, आणि आठवेल तसं तिला सांगत गेले. दुकानात ते कापड पार नाकापाशी नेऊन बघायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, हा माणूस वासावरून सूत ओळखतो. त्यामुळे त्यांची फार ख्याती होती. मिनल खूप हसली. मग सांगितलं, संध्याकाळी ते गल्लीच्या कोपऱ्यावर सायकलवरून उतरायचे आणि तिथूनच ओरडायचे, "दारात कोण उभं आहे गा?" मी रोज वेगळं सांगायची. मी पोलीस. मी शेजारची काकू. ते म्हणायचे, "नमस्कार काकू, सुशीलची पोरगी कुठं गेली?" सायकल ढकलत अगदी जवळ येईपर्यंत हे चालायचं. रोज.

बोलता बोलता मी थांबले.

"गंमत नव्हती ती," मिनल म्हणाली. "त्याले दिसतच नसन."

बाहुली मोठी करायचे थेंब, काचांची पेटी, ओळींचा तक्ता, सगळं आता माझ्याकडे आहे. फक्त त्यांना त्या खुर्चीत बसवता येत नाही. एकदा बसवून म्हणायला हवं होतं, वाचा बाबा, शेवटची ओळ वाचा. मग त्यांना कोपऱ्यावरून मी दिसले असते.

"मंग जवळ आल्यावर?" मिनलने विचारलं. "जवळ आल्यावर काय करे ते?"

"खाली वाकायचे. माझा चेहरा दोन्ही हातांत धरायचे. आणि नाकाला नाक लागेपर्यंत जवळ येऊन बघायचे. बराच वेळ."

मिनलने चष्मा काढून कठड्यावर ठेवला. ओल्या कपड्यांमधून वाट काढत माझ्यासमोर आली, वाकली, तिची ती लांब गार बोटं माझ्या दोन्ही गालांवर ठेवली, आणि डोळे बारीक करत जवळ जवळ येत गेली.

"असं?"

"हो," मी म्हटलं. "असंच."